नळाला बांधलेलं फडकं

३ एप्रिल १९१७, सिनसिनाटी
पडदे परत धुतले. वाळेपर्यंत पुन्हा काळे! या शहरात धुणं दोरीवर घालायचं म्हणजे काजळ फासून घ्यायचं. आणि मी दिवसभर दारोदार हिंडून बायकांना सांगते — बाई, कोळसा सोड, गॅस घे, पोराची छाती वाचव. आमचं धूर हटवायचं मंडळ त्याचाच पगार देतं. माझ्या स्वयंपाकघरात मात्र कोळशाचीच शेगडी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

६ एप्रिल
अमेरिकेने जर्मनीशी युद्ध जाहीर केलं. कॉनरॅड साबणाच्या कारखान्यातून धावतच आला. "आई, उतरलो आपण!" एकोणीस वर्षांचा घोडा, आणि डोळे जत्रेला निघालेल्या पोरासारखे. मी बटाटे सोलत होते. सोललेलेच परत सोलले.

१४ मे
सकाळी दार उघडलं तर दारावर पिवळा रंग फासलेला. का? तर आमचं आडनाव रादेमाखर. सासऱ्यांनी जर्मनी सोडली तेव्हा हे रंग फासणारे पाळण्यातही नव्हते! शेजारची लीना ब्रुकमन घासायला आली. म्हणाली, "अगं ओटिली, माझ्या कुत्र्यालासुद्धा लाथ घातली कुणीतरी, जर्मन जातीचा म्हणून. मेला जन्मलाय इथेच, कोपऱ्यावरच्या खाटकाच्या मागे!" हसले मी. हसता हसता रडूच आलं.
कॉनरॅड हसला नाही. रंग खरवडत राहिला, बोट सोलवटेपर्यंत.

२ जून
जे व्हायचं तेच. जेवताना म्हणाला, "मी नाव घालतोय पलटणीत. मग बघू कोण रंग फासतं ते." भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाला — गणवेशातला अॅम्ब्रोस, फिलिपिन्सला निघायच्या आदल्या दिवशीचा. "बाबा गेलेच होते ना?"
गेले होते. परत कोण आलं, ते याला कुठे ठाऊक!
डोळ्याला डोळा नाही. सांगायला हवं. सांगितलं तर बापाचा फोटो पोराच्या मनातून उतरेल. नाही सांगितलं तर पोरगाच जाईल.

३ जून, रविवार
सांगितलं. चर्चमधून आल्यावर टोपीसुद्धा न काढता.
आमच्या नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं, पाणी त्यावरून गुपचूप ओघळतं. घरात सुरई नाही. पाणी कुणी वरून ओतत नाही, पेला बादलीत बुडवून घ्यायचा. कॉनरॅडला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच. विचारलं, "ते फडकं कशासाठी रे?" म्हणाला, "शिंतोडे उडू नयेत म्हणून."
म्हटलं, "नाही राजा. तुझ्या बापाला पाणी पडायचा आवाज सोसत नव्हता. तिथल्या गावांत आपले शिपाई माणसाला उताणं बांधायचे, तोंडात पाणी ओतत राहायचे, बोलेपर्यंत. ओतायचं काम तुझ्या बापाकडे होतं. मला एकदाच सांगितलं त्याने. मग दारू, आणि मग गेलाच."
त्याने उठून ते फडकं चाचपून बघितलं. माझ्या जिवात जीव आला — वाटलं, थांबला!
मग म्हणाला, "आई, ते बेटं बळकावायला गेले होते. आम्ही काही बळकावायला चाललो नाही. लोकांना सोडवायला चाललोय."
"अरे, त्यालाही हेच सांगितलं होतं! शब्द न् शब्द हेच!"
पण पालथ्या घड्यावर पाणी.

९ जून
गेला. स्टेशनावर बँड होता. मेला बँड!

२१ जानेवारी १९१८
कोळशाचा तुटवडा, सोमवारी कारखाने बंद. हॅवरस्टॉकबाई — आमच्या मंडळाच्या अध्यक्ष — खुशीत. "बघा मिसेस रादेमाखर, आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही ते युद्धाने केलं. आकाश कसं निळं दिसतंय!" गेल्या वर्षी याच बाईने मला विचारलं होतं, घरी कुठली भाषा बोलता म्हणून. आता माझ्या खिडकीत मुलगा लढाईवर असल्याचा निळा तारा लागलाय, तर गळ्यात पडतात. चहा तसाच ठेवून उठले. घरी येऊन पुसलेली फरशी परत पुसली.

१८ ऑगस्ट
कॉनरॅडचं पत्र. 'मी भटारखान्यात आहे. बटाटे सोलतो, तुझ्यासारखेच.' लीनाला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "घे, घरी एक काडी इकडची तिकडे करत नव्हता, तिकडे जाऊन शिकला!" बटाटे! देवा, सोलू दे त्याला बटाटे, जन्मभर.

७ नोव्हेंबर
शांतता झाली!! रस्त्यावर भोंगे, घंटा. लीना आणि मी भर चौकात नाचलो!

८ नोव्हेंबर
खोटी बातमी. आख्खं शहर वेड्यासारखं नाचलं, आणि खोटी. मेल्यांनो, आईच्या काळजाशी खेळता?

११ नोव्हेंबर
आता खरी. पुन्हा नाचवेना. घरी आले, नळाचं फडकं सोडून चुलीत घातलं आणि नळ पूर्ण सोडला. धो धो! ऐकत उभी राहिले. संपलं एकदाचं या घरातलं.

१५ मार्च १९१९
गॅसची शेगडी बसवली! पगारातून, हप्त्याने. लीनाच्या पोरांनी जुनी उचलून अंगणात नेली. आता माझे पडदे पांढरे राहणार. कॉनरॅडला कळवलं नाही, येऊन बघू दे.

२७ एप्रिल
आला! आला! वाळलाय, पण धड आहे. नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायला, हसला. "फडकं काढलंस?" जेवण लीनाकडे झालं. तिने विचारलं, "काय रे, किती बटाटे सोललेस?" "डोंगरभर, काकू." सगळे पोट धरून हसलो. उद्या त्याला माझ्या शेगडीवर धिरडी करून घालणार.

२८ एप्रिल
गॅसची तोटी सोडली. पहिली काडी विझली, दुसरी शोधेपर्यंत गॅस फुसफुसत राहिला. मागे खुर्ची पडली. वळून बघते तर कॉनरॅड अंगणात, जुन्या शेगडीला धरून उभा, घामाने चिंब. "बटाट्यांचं खोटं होतं, आई. विषारी गॅसची नळकांडी जमिनीत पुरलेली असायची. वारा जर्मनांकडे वळला की तोटी सोडायची. मी सोडायचो. आवाज असाच यायचा."
पाण्याच्या नळाला फडकं बांधता आलं. गॅसला काय बांधू?