ताईची खोडलेली नोंद

प्रिय ताई,

या परक्या देशात पाहुणी म्हणून हॅम रेडिओ चालवायचा परवाना हौशी रेडिओवाल्यांच्या स्पर्धेच्या अगदी आदल्या दिवशी हातात पडला. मग काय, खिडकीपासून मागच्या अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या खांबापर्यंत तार ताणली. घरमालकीणबाई खालून बघतच राहिल्या. ही बया वीज चोरतेय की हेरगिरी करतेय, हेच त्यांना ठरेना! शेवटी त्यांना वर बोलावून समजावलं, की रेडिओवर जो भेटेल त्याने हा आपला स्पर्धेतला कितवा संपर्क तो आकडा सांगायचा, आपण आपला सांगायचा, आणि दोघांच्या वह्या जुळल्या तरच गुण. त्या तासभर कडकट्ट ऐकत बसल्या. माझी मात्र त्रेधा उडाली. तू एका हाताने मोर्सची कळ दाबत दुसऱ्याने लिहायचीस, वर भाजीत मीठ किती तेही आईला खुणेने सांगायचीस. बाई गं, तू काय चीज आहेस ते मला आत्ता कळलं.

आणि रविवारी दुपारी, त्या गलक्यात, तू! कॉलसाइन, तुझं ते हवेतलं नाव, पुरतं ऐकायच्या आधीच कळीवरचा तुझा हात ओळखला. शेवटच्या अक्षराआधी किंचित थांबायची तुझी खोड अर्धांगवायूलाही मोडता आली नाही. दीड वर्ष कळीला हात न लावलेली माझी ताई! मी खुर्चीतून उठलेच. तुझा आकडा नेमका खरखराटात बुडाला. तीनदा विचारला, पण दहाजण मध्ये घुसले आणि तू गेलीस. नुकतीच बसली असशील, म्हणजे ‘एक’च असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मी लिहिलंसुद्धा. मग तुझा धपाटा आठवला. लहानपणी मी अंदाजाने भरलेलं अख्खं पान तू फाडलं होतंस, जे ऐकलं तेच लिहायचं म्हणून, आणि मी दोन दिवस अबोला धरला होता. मी नोंद खोडली. जिवावर आलं, खोटं कशाला सांगू.

आता महिन्याभरात सगळ्यांच्या वह्यांच्या तपासणीचा निकाल येईल आणि तुझ्या त्या संपर्कापुढे ‘समोरच्या वहीत नोंद नाही’ असं दिसेल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आपला हात गेला असं धरून तू कळ कायमची डब्यात टाकशील. म्हणून निकालाच्या आधी हे पत्र. तुझं नाव अक्षरन् अक्षर स्वच्छ पोचलं, ताई. चूक तुझ्या हाताची नाही, त्या दिवशीच्या हवेची होती. येत्या रविवारपासून रोज दुपारी मी रेडिओवर त्याच जागी, त्याच फ्रिक्वेन्सीवर, ऐकत बसणार आहे. स्पर्धा नाही, गर्दी नाही, घाई तर नाहीच. तू ये.

तुझीच,
धाकटी