दुभाष्याने विचारलेले प्रश्न

तान्यांग, तिसरा महिना, पौर्णिमेनंतरचा दिवस

ति. दादास,
धाकट्या कुम्सुनचा शि. सा. न. वि. वि.

परवा अधिकाऱ्याच्या हुकमावरून आमच्याकडे गोरी मडम उतरली. तिचा दुभाषा खोकला, तेव्हाच मी तुला ओळखलं. तू डोक्यावरचा बुचडा कापून विलायती केस ठेवलेस, वाडवडिलांची रीत मोडलीस, तेव्हापासून सासूबाईंनी तुला उंबरा बंद केलाय. तू अंगणात, कागदी दारापलीकडे, त्यांना न दिसता, आणि मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून. हे गेल्यापासून, नऊ वर्षांत, माहेरच्या माणसाचा आवाज कानी पडला नव्हता.

मडमला तापवलेल्या जमिनीवर झोप येईना. शेजारणी तिचे हातमोजे ओढून बघत होत्या. तुम्ही बायका सदा कपडेच का बडवता, असं तिने विचारलं, त्यावर मी धुतलेले पांढरे कपडे दांडक्यांनी बडवून गुळगुळीत करण्याचं केवढं चऱ्हाट लावलं. ते तिच्यासाठी नव्हतं. मी जेवढं बोलेन तेवढं तुला तिच्या भाषेत बोलावं लागणार होतं. अक्षर कळत नव्हतं, पण ऐकत होते. परक्या बाईपुढे किती बडबडलीस गं, असं सासूबाई नंतर म्हणाल्या.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.
तुझी,
कुम्सुन


सोल, चौथ्या महिन्याची अमावास्या

चि. कुम्सुन हिस,
ग्यूजिनचे अनेक आशीर्वाद.

मडमने फक्त कपड्यांचं विचारलं होतं. थंडीत खोकला होतो का, पोटभर जेवतेस का, रात्री सोबतीला कोण असतं, हे सगळे प्रश्न माझे. माहेरी जावंसं वाटतं का, तेही माझंच. तू म्हणालीस, हेच माझं घर, इथं काही कमी नाही. ही काय म्हणते, असं मडमने विचारल्यावर मी तसंच सांगितलं. इथल्या बायका घरात सुखी असतात, असं तिने लिहून घेतलं.

शेजारी सासूबाई होत्या, म्हणून आता पत्रातून विचारतो. येतेस का? तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी आतल्या खोलीच्या दारांना नवा कागद लावलाय. तू हो म्हण, मी पालखी घेऊन येतो. दारात उभं केलं नाही तर नदीकाठी थांबेन.

प्रकृतीस जप. उत्तराची वाट पाहतो.
तुझा,
दादा


तान्यांग, पाचवा महिना, शुद्ध दशमी

ति. दादास,
कुम्सुनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून चुलीपाशी रडून घेतलं. हो लिहायला बसलेही. तेवढ्यात सासूबाई कपडे बडवायला समोर येऊन बसल्या. खाली बघतच म्हणाल्या, तुझ्या भावाचा आवाज थेट तुझ्या वडिलांसारखा झालाय. कुठली परदेशी बाई दुसऱ्याच्या सुनेच्या खोकल्याची चौकशी करेल, असंही म्हणाल्या. दादा, त्यांनी तुला पहिल्यापासून ओळखलं होतं, आणि तरी आपल्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, जायचं तर जा, मला सांगायला भिऊ नकोस. बडवणं काही थांबवलं नाही.

त्यांना आता नीट दिसत नाही. कापड चाचपून घडी घालतात. या घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नाही.

मी येत नाही. हे उत्तर कुणी शेजारी बसलंय म्हणून दिलेलं नाही. खोकला होतो. रात्री सोबतीला कुणी नसतं. मधल्या दारापलीकडे त्या जाग्या असतात, अलीकडे मी.

वहिनींना म्हणावं, खोली कुणाला तरी द्या. तू मात्र दरसाल विचारत जा. मी दरवेळी नाही असंच लिहीन, तरी विचार.

तुझी,
कुम्सुन