गाभण दिवसाचे चित्र

मी जोथम हास्केल, चित्रकार, वय एकसष्ट, राहणार हालिबट कोव्ह, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने लिहीत आहे. छातीत कळ येते. डोके ठिकाणावर आहे. लिहिताना मध्येच थांबतो तो आजाराने नव्हे. त्याचे कारण खिडकीबाहेर आहे.

घर, विहीर आणि मागचे कुरण माझी विधवा बहीण केझाया हिला. छप्पर उत्तरेकडून गळते. हे तिला माहीत आहे, रोज ऐकवते.

कुंचले तिने हवे त्याला द्यावेत. पांढरा रंग मात्र शिशाचा आहे, विषारी. तो विहिरीपासून लांब पुरावा.

आता मोठे चित्र. त्यात आमचे बंदर आहे. पाण्यावर सुरकुती नाही, वाळत घातलेली शिडे सरळ लोंबतात, दूरची बेटे पाण्यापासून किंचित उचललेली दिसतात. कुंचल्याची एकही खूण मी राहू दिलेली नाही. बॉस्टनच्या विक्रेत्याने चौकटीवर पितळी पट्टी ठोकली: 'शांती'. वर म्हणाला, "हास्केलसाहेब, बेटं हवेत तरंगतायत. जरा खाली टेकवा की." मी चित्र परत आणले. ती पट्टी उपटावी. बेटांना कोणी हात लावू नये.

बेटे अशी उचललेली दिसणारा लख्ख, निवांत दिवस पडला की आमचे मच्छीमार त्याला गाभण दिवस म्हणतात. त्याच्या पोटात वादळ असते. हा प्रकाश मी पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी केझायाचा नवरा एसा बुडाला. चित्र केझायाचे, पण टांगावे ते शिडे शिवणाऱ्या गिडियनच्या माडीवर. तिथे येणाऱ्यांना ते कळते.

एसाचा मुलगा, माझा भाचा एल्केना, याला मी काहीही देत नाही. राग नाही. आज पहाटे बेटे उचललेली होती, तरी तो होडी घेऊन निघाला.

"एल्केना, दिवस गाभण आहे."

"मामा, तुला प्रत्येक दिवसाचं पोट पुढे आलेलं दिसतं. आणि हे बघ, घर माझ्या नावावर करू नकोस. छप्पर गळतं."

"मग साक्षीदार हो. साक्षीदाराला वाटा मिळत नाही."

तो हसला. "बरं. संध्याकाळी येऊन सही करतो."

आमच्या राज्यात तीन साक्षीदार लागतात. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. गिडियन म्हणाला, "माझी सून खाली बसलीय, तिची घेऊन टाकू. कशाला अडवून धरतोस?" मी नको म्हणालो. केझायाने दिवा खिडकीत नेऊन ठेवला.

लिहायला बसलो तेव्हा वारा नव्हता. आता काच वाजते आहे.

तिसरी सही होईपर्यंत हे मृत्युपत्र अपुरे आहे. ते अपुरे असताना मरण्याचा माझा विचार नाही.

हालिबट कोव्ह, ९ ऑक्टोबर १८६६, संध्याकाळ.

जोथम हास्केल

साक्षीदार:
गिडियन लफकिन, शिडे शिवणारा
डॉर्कस लफकिन, त्याची पत्नी
(ही जागा एल्केना पेटेंगिल याची आहे. दुसऱ्या कोणी भरू नये.)