दारे तेवढी माझी

मी, धंद्याने सुतार, घरीदारी बारक्या म्हणून ओळखला जाणारा, माझ्यामागे काय कोणाला जावे ते राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही, आणि अक्षर वाकडे आहे ते वयाने.

१. राहते घर. हे मी कोणाला देऊ शकत नाही, कारण ते माझे नाही असे वकिलाने सांगितले. माझ्या लग्नात थोरल्या दादाने चारचौघांसमोर किल्ली बायकोच्या हातात ठेवली आणि घर तुम्हा दोघांचे म्हणाला. कागद केला नाही. आमच्यात सख्ख्या भावाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणे, म्हणून कोणीच मागत नाही. दादा गेला आणि घर पुतण्याच्या नावावर चढले. तो गोड बोलतो, "काका, तुम्ही आहात तोवर राहा. काकूचं नंतर बघू." काय बघणार ते कळायला मी दुधखुळा नाही. आम्हाला मूलबाळ नाही, हिला दुसरी जागा नाही.

२. दारे-खिडक्या. माझ्या सागवानाच्या, माझ्या हातच्या. सर्व पत्नीला. वकील म्हणाला, भिंतीला जडलेले ते घराबरोबर जाते. ठीक. घरी येऊन मी बिजागऱ्या सोडवल्या. आता पाचही दारे भिंतींना टेकून उभी आहेत, खिडक्यांची झडपे खाटेखाली. वारा घरातून आरपार जातो. ही शाल गुंडाळून बसते आणि म्हणते, "दारच नाही, तर मला बाहेर काढणार कुठून?" दोघेही हसलो. मग मला रडू आले.

३. हत्यारे. रंधे, पटाशा, करवती गादीवाल्या मित्राला. बदल्यात त्याने दारे गोदामात ठेवावीत, गिऱ्हाईक बघावे आणि त्या पैशांतून हिला खोली घेऊन द्यावी. हे त्याच्याकडून लिहून घेतले आहे. तो दुखावला. दुखावू दे.

४. पुतण्यास. दारांच्या जागची भोके. लहानपणी त्याला खांद्यावर बसवून फिरवले, त्याबद्दल माझे काही मागणे नाही.

५. मी गेल्यावर. बातमी कळताच पुतण्या माणसे घेऊन येईल. म्हणून हिने हंबरडा फोडू नये. गादीवाल्याला निरोप धाडावा, टेंपो लावावा, आधी दारे न्यावीत. मी पडून राहीन, मला कसली घाई. शेवटचे दार गेले की मग खुशाल रडावे.

सही : बारक्या सुतार

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार :
कोपऱ्यावरचा न्हावी
समोरच्या शाळेतल्या बाई

ठिकाण : वर लिहिलेले घर, पुढची खोली
तारीख : ९ फेब्रुवारी