हजेरी वाढवण्याचे उपाय

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
नवी डायरी. नवा धीरज.

नाशिकचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आलो. विषय: उत्पादनक्षमता. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. यामिनी म्हणाली, लॅमिनेशनला टाकण्याआधी नाव तरी वाचायचं, 'धिरज' छापलंय. बायकोचं लक्ष कायम बारीकसारीक गोष्टींवर. मी मोठं चित्र बघतो.

आपली मिरची पावडरची फॅक्टरी. मालक चुनीलालशेठ. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आजपासून धीरज एफिशियन्सी ऑफिसर. पगार तोच. म्हणाले, आधी एफिशियन्सी दाखव.

१६ डिसेंबरला इंदूरचं मोठं गिऱ्हाईक फॅक्टरी बघायला येणार. ऑर्डर मिळाली तर वर्षभर काम. नाही मिळाली तर संक्रांतीनंतर देठ खुडणाऱ्या निम्म्या बायका घरी, आणि मग ऑफिसर तरी कशाला पोसायचा, असं शेठ हसत म्हणाले. मीही हसलो.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. गरम पाणी. रोज डायरी. दर रविवारी गावी, कोरीटला, फुईकडे (आत्याकडे) जाणे. स्टाफने 'धीरू' न म्हणता 'सर' म्हणणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सव्वासातला उठलो. थंडी होती.

स्टॉपवॉच घेऊन बायकांमागे उभा राहिलो. निम्मा वेळ गप्पांत जातो! बोलायचं नाही, अशी ऑर्डर काढली. मग सगळ्या माझ्याकडेच बघत बसल्या. काम कालच्यापेक्षा कमी. याला ट्रान्झिशन पीरियड म्हणतात.

मंगलाबाईला 'सर' म्हण असं सांगितलं. ती कोरीटची, फुईची शेजारीण. हो सर, म्हणाली, आणि पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला ठसका लागला. दहा मिनिटं वाया.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चाळण उचलून चक्कीजवळ नेली. पोती वाहणाऱ्यांचं चालणं वाचतं. दुपारपर्यंत अख्खं पॅकिंग शिंकत होतं. गिऱ्हाईकाच्या बिलांवरही लाल थर बसला. चाळण परत जागेवर.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये 'सुधारणा: दोन' लिहिल्या. नेताना एक, आणताना एक.

१० नोव्हेंबर, सोमवार
सापडलं! मूळ कारण सापडलं!

नाशिकच्या सरांनी शिकवलंय, पाच वेळा 'का' विचारा, रोग सापडतो. सुपरवायझर हिलालअप्पांना समोर बसवलं. परवा चक्की का बंद? माणसं नव्हती. का नव्हती? मयतीला गेली. मयत का? म्हातारा मेला. का मेला? वय झालं. पाचवा 'का' विचारणार तेवढ्यात अप्पा म्हणे, साहेब, तुम्हले काम नही का?

पण रोग सापडला. मयत. आमच्याकडे कोणीही मेलं की गावच्या गाव जातं. आधी खांदा द्यायला, मग दुखवट्याला दारावर बसायला, मग बारा-तेरा दिवसांनी गंधमुक्तीला. एका म्हाताऱ्यामागे तीन-तीन खाडे. मेलेला एक, पण उत्पादन मरतं सगळ्यांचं. हे वाक्य चांगलं जमलंय, इंदूरवाल्यांसमोर टाकायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मयत धोरण लागू. शेठनी सही केली.

रजा फक्त जवळच्या नात्यात. यादी: आई, वडील, नवरा, बायको, मुलं, सख्खे भाऊ-बहीण. बायकांनी आरडाओरडा केला म्हणून सासू-सासरे वाढवले. मीही माणूसच आहे. अर्ज मोबाइलवरून, 'मृत व्यक्तीशी नातं' या खान्यात यादीतलं एक नातं निवडायचं. मंजुरी माझ्याकडे. बिगरमंजुरी गेलं की त्या महिन्याचा हजेरी बोनस बंद.

मंगलाबाईने विचारलं, जेठानी, मोठी जाऊ? नाही. मावससासू? नाही. शेजारीण मेली तर भिंतीपलीकडून रडू का मी? भावनिक मुद्दा. पुढचा प्रश्न घेतला.

हिलालअप्पा म्हणे, आपन दुसरानी मयतमा नही गऊत, तं आपली मयतमा कोन यी? मी म्हणालो, अप्पा, तेव्हा तुम्हाला काय फरक पडणार? अप्पा गप्प झाले. लॉजिकपुढे माणूस गप्प होतो.

फुईचा फोन आला होता. मीटिंगमध्ये होतो. (मीटिंग माझी एकट्याचीच होती, पण शिस्त ती शिस्त.)

२० नोव्हेंबर, गुरुवार
हजेरी शंभर टक्के! सलग आठवा दिवस!

यामिनी म्हणाली, आठ दिवसांत कोणी मेलंच नाही, म्हणून. तेच तर म्हणतोय मी. धोरण लागू झाल्यापासून पंचक्रोशीत एकही मयत नाही. इतका परिणाम मलासुद्धा अपेक्षित नव्हता.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज कोरीटला जायचं नक्की होतं. पण हजेरीचा रंगीत तक्ता करायला घेतला आणि दिवस गेला. यामिनी एकटीच जाऊन आली. फुईला दम लागतो म्हणे. चार पावलं चालली की बसते. येताना पिशवीभर बिबडे, ज्वारीचे पापड, दिलेत माझ्यासाठी.

फुई म्हणजे सुगंधाबाई, माझी आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली. माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि नवीन बाईला घेऊन सुरतेला गेले. फुईने मला पोसलं. मिरचीच्या पथारीवर, वाळवणाच्या मैदानात, देठ खुडून माझा डिप्लोमा केला. हंगामात तिची बोटं अशी पेटलेली असत की ती मला हात लावायची नाही, डोळ्यांत जाईल म्हणून. कोपर फिरवायची डोक्यावरून. माझं डोकं अजून…

असो. विषय उत्पादनक्षमता.

बिबडे तळले. तेल खूप पितात. खाताना डोळ्यांत पाणी आलं, कपड्यांवर मिरची असते दिवसभर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
छबूबाईचे चुलतसासरे वारले. यादीत नाहीत. मी समजावलं. ती ऐकून घेऊन गेली ती मयतीलाच. बोनस कापला. परत येऊन देठ खुडत बसली, तेही सगळ्यांत जास्त. धोरणाचा फायदा बघा.

चक्कीवरच्या फुलसिंगच्या आईचं या महिन्यात दुसऱ्यांदा निधन. फोन करून जाब विचारला. म्हणे, पहिली मावशी होती, तिने दूध पाजलंय, यादीत मावशी नाही. खोटं बोलणाऱ्याची गय करायची नाही, पंधरा तारखेपर्यंत घरी बसवला.

छातीत जळजळ. अ‍ॅसिडिटी.

४ डिसेंबर, गुरुवार
चक्की थंड करायला रोज दुपारी बंद ठेवायचे. ती सवय मोडली. माल वाढला! शेठ खूश.

रंग जरा काळपट पडतोय. अप्पा म्हणे, मिरची जळी ऱ्हायनी. मी म्हटलं, रोस्टेड म्हणून विकू.

९ डिसेंबर, मंगळवार
यामिनी फुईला दवाखान्यात घेऊन गेली होती. हृदयाला सूज आहे, मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. यामिनी म्हणाली, उद्या चला, सुरतेला नेऊ. मी शांतपणे कॅलेंडर काढलं. १६ ला गिऱ्हाईक. १७ ची पूर्ण दिवस रजा टाकली, कारण: आत्याला सुरतेला नेणे. स्वतःच मंजूर केली. लाल पेनने गोल केला. एवढं प्लॅनिंग आमच्या खानदानात कोणी केलं नसेल.

यामिनी जेवली नाही.

मग मीच फुईला फोन केला. सगळं समजावून सांगितलं, ऑर्डर, इंदूर, निम्म्या बायका. तिला बोलताना धाप लागत होती. आधी, जेवलो का ते विचारलं: धीरू, जेवना का? मग म्हणाली, तुन्हं काम करी ले भाऊ, मी काय पयी जाई ऱ्हायनू का?

बघा. पळून थोडीच जातेय, म्हणते. फुईचासुद्धा सपोर्ट आहे.

१४ डिसेंबर, रविवार
कोरीट फॅक्टरीपासून अर्ध्या तासावर. जाऊन येता आलं असतं. पण तीन दिवसांनी अख्खा दिवस तिच्यासोबतच आहे. एकाच कामासाठी दोन फेऱ्या म्हणजे अपव्यय.

फॅक्टरीत जाऊन फळ्यावर लिहिलं: 'इथे एकही मिनिट वाया जात नाही.'

१६ डिसेंबर, मंगळवार, सकाळी
सव्वासहाला चुलतभाऊ धर्मेंद्रचा फोन. फुई गेली. पहाटे. झोपेतच.

यामिनीने साडी बदलली आणि निघाली. मला चला म्हणालीच नाही. गाडीची चावी मात्र टेबलावर ठेवून रिक्षाने गेली.

शेठना फोन केला. कोण वारलं विचारलं. आत्या म्हटलं. शेठ म्हणाले, धीरज, आत्या तुझ्या यादीत नाही, पण यादी तुझी आहे, तू ठरव. जायचं तर जा, मी सांभाळतो.

ठरवलं. गिऱ्हाईक अकराला येणार, एकपर्यंत जाणार. दीडला मी कोरीटला. धर्मेंद्रला सांगितलं, दीडपर्यंत थांबवा, अग्नी मलाच द्यायचाय. तो म्हणाला, थांबाडतस, पण तू आते का येत नही? निम्म्या बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे, असं त्याला सांगितलं. खरंच आहे ते. फुई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. मी एकट्याचा विचार करत नाही.

नवा शर्ट घातला. निघतो.

१६ डिसेंबर, रात्री
क्रमाने लिहितो.

आठला कोरीटहून कामाची माणसं आणणारी रिक्षा आली नाही. साडेआठला हिलालअप्पांना फोन लावला, उचलला नाही. नऊला फाटकाशी मी आणि शेठ. अंगठ्याच्या मशीनवर हजेरी: एक. माझी.

अप्पा, मंगलाबाई, छबूबाई, कालच कामावर घेतलेला फुलसिंग, सगळे कोरीटला. फुईच्या मयतीला.

गिऱ्हाईक पावणेएकला आलं. बाप-लेक. अख्ख्या फॅक्टरीत सामसूम. फळ्यावर ते वाक्य. म्हाताऱ्याने विचारलं, लोग कहाँ हैं? मी सांगितलं, गावात मयत झाली. किसकी? माझ्या तोंडून गेलं, गाँव की कोई बूढ़ी औरत थी.

कोई बूढ़ी औरत थी. असंच म्हणालो. माझ्याच तोंडाने.

शेठनी माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. इंदूरचा म्हातारा म्हणाला, गमी में तो जाना पड़ता है, आम्ही पुन्हा कधी ठरवून येऊ. रागावला नव्हता. मग काळपट पावडर बोटांनी चोळून पोराला दाखवली आणि बोटं रुमालाला पुसली. शेठनी त्यांना जेवायला थांबवलं. मला वाढायला लागलं. उठले तेव्हा तीन वाजून गेले होते. धर्मेंद्रचे सात मिसकॉल.

कोरीटला पोचलो. झालं होतं सगळं. सव्वादोनपर्यंत थांबले, मग पोलीसपाटील म्हणाले, बाईमाणसाला किती ताटकळवायचं. अग्नी धर्मेंद्रने दिला. खांदा अप्पांनी आणि फुलसिंगने दिला, असं कोणीतरी सांगितलं.

दारावर बायका बसल्या होत्या. मला बघून त्यांनी रडण्याचा सूर काढला, पद्धतच आहे तशी. मला वाटलं, कोणीतरी बोलेल. शिव्या देईल. यामिनीने बघितलं आणि खाली मान घातली. मंगलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. 'सर' म्हणाली नाही. म्हणे, धीरू, जेवना का?

मी इंदूरवाल्यांसोबत तीन पोळ्या खाल्ल्या होत्या. हो म्हणालो.

१७ डिसेंबर, बुधवार
आज रजा होती. लाल गोल. कारण उरलं नाही म्हणून रजा रद्द केली आणि कामावर आलो.

हजेरी शंभर टक्के. बायका देठ खुडत होत्या. कोणी बोलत नव्हतं. न बोलण्याची ऑर्डर काढून दीड महिना झाला, आज पाळली.

शेठ म्हणाले, इंदूरचा फोन आला, आता नको म्हणतात. संक्रांतीनंतर बायकांचं काय ते बघू. मग म्हणाले, काल न आलेल्यांचं काय ते तुझ्या धोरणाप्रमाणे कर.

कॉम्प्युटर उघडला. कालचे रजेचे अर्ज मंजुरीसाठी पडले होते. वाटलं नव्हतं, पण एकूण एकाचा अर्ज होता. सगळे पहाटेच आलेले, फुई गेल्यानंतर तासाभरात. अप्पांच्या मोबाइलवरून एकामागून एक भरलेले.

मंगलाबाई. मृत व्यक्तीशी नातं: आई.
छबूबाई. नातं: आई.
फुलसिंग. नातं: आई.
हिलालअप्पा, वय अठ्ठावन्न. नातं: आई.

खालपर्यंत तेच. अप्पांना बोलावून विचारलं, हे काय? अप्पा म्हणे, यादीमा आत्या नव्हती ना साहेब. शेजारीण नव्हती. मंग जे व्हतं ते टाकी दिधं.

अप्पा गेले. मी एकेक मंजूर करत गेलो. चक्की अजून सुरू झाली नव्हती, मिरची कुठेच उडत नव्हती, तरी पडदा नीट दिसेना. शेवटपर्यंत मंजूर केले. मग सवयीने माझं नाव शोधलं.

माझा अर्ज नव्हता. मी हजर होतो.