पटलावर ठेवलेलं रजिस्टर

२४ नोव्हेंबर, सातारा. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. माझ्यामागे कोणी छापली तर हरकत नाही, पण तूर्त ही फक्त माझ्यासाठी.

निमित्त गंभीर आहे. हिवाळी अधिवेशनात सरकार आरोग्यसेवा सुरक्षा व मानके प्राधिकरण विधेयक आणतंय. म्हणजे उद्या मुंबईहून कोणीतरी चष्मिस पोरगं येणार, माझ्या ऑपरेशन थिएटरात शिरणार आणि मलाच विचारणार की हत्यारं नीट निर्जंतुक करता का. अरे, तू कोण? कै. रंगूबाई स्मृती रुग्णालय आहे ते. माझ्या आईच्या नावाचं. आईला मानकं लावणार हे!

मी अपक्ष आमदार. पक्षाचा आदेश मला नाही, माझा पक्ष मीच.

संकल्प: विधेयक गाडायचं. तीस मिनिटांचं भाषण, हातात कागद न घेता. चहातली साखर बंद.

२५ नोव्हेंबर

पेपरवाल्यांनी शाई वाचवायला सुरुवात केलीय. अग्रलेख पूर्ण फिका. संयोगिताला सांगितलं, तर म्हणाली पेपर तोच आहे, तुमचे डोळे दाखवा, मोतीबिंदू असेल. म्हटलं, घरातले बल्ब बदला. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाली. बायकोने नवऱ्याला म्हणी ऐकवू नयेत.

पुढे म्हणाली, शनिवारी आपल्याच रुग्णालयात मोतीबिंदूचं मोफत शिबिर आहे, तिथेच करून घ्या. म्हटलं, आमदाराने स्वतःच्या शिबिरात झोपायचं म्हणजे एका गरिबाची खाट अडवायची. मी अधिवेशन झालं की मिरजेला दाखवीन. मिरजेलाच का, म्हणाली. सगळं जग मिरजेला जातं म्हणून. ती हसली असावी. नीट दिसलं नाही. बल्ब.

चहात एक चमचा. हळूहळू सोडणं शास्त्रीय.

२७ नोव्हेंबर. सकाळी ८.१०

हंबीरराव येऊन गेला. सैन्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढलेला निवृत्त हवालदार. थिएटरची व्यवस्था आणि हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन त्याच्याकडे. रोज आठला येतो, टाच जुळवतो, कडक सॅल्यूट ठोकतो आणि रजिस्टर पुढे धरतो. मी सही करतो. या जिल्ह्यात फौजी गल्लोगल्ली आहेत, पण रोज सकाळी सॅल्यूट मिळणारा आमदार मी एकटाच असेन.

माणूस मात्र कटकट्या. सायब, मशीन पुरतं तापंना, पट्टीवर काळी रेघ उमटंना, म्हणाला. हत्यारांच्या डब्याला चिकटपट्टी लावतात. वाफ पुरेशी झाली की तिच्यावर रेघा काळ्या होतात. मी पट्टी खिडकीपाशी नेऊन पाहिली. रेघ होतीच. धूसर होती खरी, पण हल्ली सगळंच धूसर छापतात.

त्याला योग्य ते मार्गदर्शन केलं. सही केली.

२९ नोव्हेंबर. संध्याकाळी

शिबिर दणक्यात. एकेचाळीस डोळे एका दिवसात. फोटो चांगले येतील.

आमच्या गावची बयाबाई आली होती. माझ्या पहिल्या निवडणुकीत वेशीवर पहिलं औक्षण तिनेच केलं होतं. थिएटरच्या दारात अडून बसली, लय भ्या वाटतंय म्हणाली. मी स्वतः गेलो, हात धरला आणि म्हटलं, बयाकाकू, माझ्या आईच्या दवाखान्यात तुला काय होणार आहे? तू म्हनतूस म्हून टेबलावर चढते रं दादा, म्हणाली आणि चढली. दारातले सगळे भारावले. मीही. भाषणात हा प्रसंग घालायचा.

२ डिसेंबर

बयाबाईचा डोळा लाल झालाय. दुखतोय म्हणे, उजेड सोसत नाही. मी जाऊन पाहिला. जरासा लाल वाटला. म्हातारी सांगितलेलं ऐकत नाही, चुलीपुढे बसली असणार. थेंब वाढवा म्हटलं. हंबीरराव म्हणाला, सायब, आजच मिरजेला न्यायला पायजे, डोळा जाईल. म्हटलं, उगाच बोभाटा नको, सहा दिवसांवर अधिवेशन.

तर या इसमाने माझी परवानगी न घेता तिला दुपारच्या एसटीत घातलं आणि मिरज गाठली! सैन्यात असता तर कोर्ट मार्शल झालं असतं. शिस्तभंगाची नोटीस काढायची. नागपूरहून आल्यावर.

चहात दोन चमचे. परिस्थितीच तशी.

५ डिसेंबर

भाषणाची तयारी. माझा सहायक विश्वजित मुद्दे वाचून दाखवतो, मी पाठ करतो. मुद्दे जोरदार आहेत. इन्स्पेक्टर राज. ग्रामीण रुग्णालयांची गळचेपी. आईचा अपमान.

विश्वजित म्हणाला, दादासाहेब, विरुद्ध बाजू पुरावा मागेल. आणि आंघोळ करताना मला सुचलं! हंबीररावाचं रजिस्टर! दोन वर्षं, एक दिवस चुकला नाही, पानोपानी माझी सही. कुठला प्राधिकरणवाला एवढं करणार? ते थेट सभागृहाच्या पटलावर ठेवायचं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

हंबीरराव अजून मिरजेतच बसलाय. थिएटरातून रजिस्टर मागवून घेतलं. विश्वजित पानं उलटायला लागला, एकदा वाचून बघू म्हणाला. मी हिसकावून घेतलं. ज्यावर मी रोज सही करतो ते तू काय वाचणार?

९ डिसेंबर, नागपूर

थंडी बेकार. आमदार निवासातलं पाणी गार, माणसं त्याहून गार. सभागृहात धुकं शिरलंय बहुतेक, अध्यक्षांचा चेहरा दिसत नाही. शेजारच्या सदस्याला तसं म्हणालो. तो जागा बदलून बसला.

आरशासमोर भाषण म्हणून पाहिलं. अडतीस मिनिटं. अप्रतिम.

११ डिसेंबर. संध्याकाळी ६

भाषण झालं. सभागृह हादरलं. खोटं कशाला सांगू, असा परिणाम तिथे कुणाच्याच भाषणाचा झाला नसेल.

तपशील लिहून ठेवतो. वेळ नऊच मिनिटं मिळाली. गळचेपीचा मुद्दा चांगला वठला. बयाबाईचा हात धरल्याचा प्रसंग सांगितला, गॅलरीत कोणीतरी नाक ओढलं. मग रजिस्टर उंच धरलं आणि म्हटलं, अध्यक्ष महाराज, हे घ्या आमचं प्राधिकरण! आपल्या परवानगीने पटलावर ठेवतो. कोणतंही पान उघडा!

एवढं म्हणायला नको होतं.

मंत्र्यांनी उघडलं. मोठ्याने वाचलं. 'सत्तावीस नोव्हेंबर. मशीन तापलं नाही. पट्टीवर रेघ नाही. साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, शिबिराचे बॅनर लागलेत, पट्टीला कोण विचारतो, करून टाका.' खाली माझी सही. सही लांबूनही ओळखता येते, वळणदार आहे.

मंत्र्यांनी मागची पानं उलटली. अठरा ऑक्टोबर, मशीन तापलं नाही, साहेब म्हणाले दिवाळीनंतर बघू, सही. तीन सप्टेंबर, मशीन तापलं नाही, साहेबांनी आजच्या सॅल्यूटचं कौतुक केलं, सही. लोक बाकं वाजवायला लागले. मग शेवटचं पान आलं. 'दोन डिसेंबर. बयाबाईचा डोळा लाल, पू दिसतो. मिरजेला न्यायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, धूर लागला असेल. मी नेतो. माझी रजा मांडावी.' तेव्हा बाकं थांबली. नाक ओढणारा माणूसही थांबला.

त्या पानावर माझी सही नव्हती. तेवढाच दिलासा.

मी हे पान कामकाजातून काढून टाका म्हणालो. मग उठलेल्या गदारोळात ते कोणाला ऐकू आलं नाही. रजिस्टर परत मागितलं. एकदा पटलावर ठेवलेला कागद सभागृहाचा होतो म्हणे. हा कुठला नियम? या देशात स्वतःच्या वस्तूवर माणसाचा हक्क उरलेला नाही.

१२ डिसेंबर

विधेयक एकमताने मंजूर. मंत्री म्हणाले, सातारच्या सन्माननीय सदस्यांनी स्वतःच्याच रुग्णालयाचा पुरावा देऊन कायद्याची गरज पटवली, त्यांचे आभार.

विचार केल्यावर वाटतं, मुळात मी विधेयकाच्या विरोधात कधीच नव्हतो. फक्त भाषेला विरोध होता. आवाजी मतदानात माझा होकार सगळ्यांत मोठा होता, असं विश्वजित सांगतो. पत्रकारांचे एकवीस फोन. एकही घेतला नाही.

१९ डिसेंबर, सातारा

प्राधिकरण अजून कागदावरच आहे, तरी जिल्ह्याचं पथक आलं आणि थिएटरला सील ठोकून गेलं. दारावरचा आईचा फोटो मी काढून घरी आणला. संयोगिताने तो पदराने पुसून ठेवला. म्हण ऐकवली नाही.

सकाळी आठला हंबीरराव हजर. टाच, सॅल्यूट. मी नोटीस पुढे सरकवली आणि विचारलं, माझी अब्रू घालवायचं हे कधीपासून चाललं होतं? तोंडावर सांगायची हिंमत नव्हती? म्हणाला, आवं सायब, रोज सांगत हुतो की. तुमी सही करत हुता.

उत्तर उद्धटपणाचं होतं. नोंद करून ठेवतो. नोटिशीवर त्याने पोच म्हणून सही केली. सही करण्याआधी पूर्ण वाचली. पुन्हा सॅल्यूट ठोकला आणि बाहेर गेला. बयाबाईचं विचारायचं राहिलं.

३ जानेवारी, मिरज. दुपारी १२

संयोगिताने शेवटी आणलंच. मोतीबिंदू पिकलाय म्हणाले, दोन्हीकडे. उजव्या डोळ्याचं आज.

थिएटरच्या दारात मी थबकलो. थंडी असावी. सिस्टरला म्हटलं, आत यायच्या आधी मला तुमच्या मशीनचं रजिस्टर दाखवा. सिस्टर गोंधळल्या, पण आणलं. मला अक्षर लागेना. संयोगिता वाचायला लागली. तारीख, रेघ काळी, सही. तारीख, रेघ काळी, सही. मी म्हटलं, अजून मागचं वाच.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, दादा न्हवं का रं? बयाबाई होती. तपासणीला आली होती, बरोबर हंबीरराव. म्हणाली, तू हितं? तुझ्या आईच्या दवाखान्यात न्हाई केलं व्हय?

मी म्हटलं, तिथे सध्या गर्दी असते. तिला सील माहीत नसेल. हंबीरराव खाली बघत होता.

ती चाचपडत उठली आणि माझा हात धरला. भिऊ नगं, म्हणाली. चढ. मी हाय हितं.

मी चढलो.

४ जानेवारी. सकाळी ९

पट्टी काढली. सगळं लख्ख दिसायला लागलं. भिंतीवरचा रंग, सिस्टरांच्या छातीवरच्या पाटीवरचं नाव, संयोगिताचे पांढरे केस. पेपरही दिला एकाने. शाई भरपूर होती.

बयाबाई रात्री तिथेच थांबली होती, समोरच्या बाकावर बसलेली. तिचा तो डोळा मी इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा नीट पाहिला. लाल नव्हता. पांढरा होता, सबंध.

तिने विचारलं, दिसतंय न्हवं रं दादा?

मी व्हय म्हणालो.