मोठीबाईचा कोनाडा

मंगळवार, ता. २ ऑक्टोबर १९३४

आज अविधवा नवमी. साऱ्या आळीत वड्यांचा वास — आणि आमच्या चुलीवर रोजचीच भाकर आणि तुरीचं वरण!

सकाळीच सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, आज मोठीबाईचं पान वाढायचं ना? पुरण मी घालते." त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"आपल्या घरी नसते तसं," म्हणाल्या. सूप पुन्हा सुरू.

नसते कसं? नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीला आजच्या दिवशी जेवू घालत नाही असं घर मेडशीत दुसरं दाखवा. समोरच्या सुताराकडे वाढलं. पलीकडच्या म्हाताऱ्या काकांनी तर स्वतः उभं राहून करवून घेतलं. आणि आमच्याकडे? नानीबाई, माझ्या आधीची, यांची पहिली बायको. माहेरी तापानं गेली म्हणतात. माहेर मोगलाईत, निजामाच्या हद्दीत, रिसोडच्याही पलीकडे. माझ्या बापानं सोयरीक करताना पहिली गोष्ट हीच विचारली होती. "सवतीवर पोरगी देनार नाई. खरं काय ते सांगा." सासूबाई स्वतः म्हणाल्या, "ते गेली." मी दाराआड उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं.

मग गेलेल्या माणसाला घासभर अन्न नको?

या घरात तिचं नाव चुकूनही निघत नाही. पाण्याच्या तांब्यावर नाव होतं, तेही घासून काढलंय. बोट फिरवलं की खडबडीत लागतं.

शेवटी मीच माझ्या भाकरीचा चतकोर, वर तूप-गूळ, पळसाच्या पानावर घेऊन भिंतीवर ठेवला. किती वेळ उभी राहिले. कावळा फिरकलाच नाही. रागावली असणार. मीही रागावले असते!

बुधवार, ता. ३

यांना जेवताना विचारलं. "या खुळात पडू नको," एवढंच. मग वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं — आणि एकसुद्धा पान उलटलं नाही.

शनिवार, ता. ६

ताजबी बांगडीवाली आली होती. नवरात्राच्या आधी सगळ्यांचे हात भरायला येते. सासूबाई आंघोळीला गेलेल्या. मी म्हटलं, ताजबी, तू या घरी किती वर्षं येतेस? नानीबाईला ओळखत होतीस?

ती हसली. "वळखत म्हंजे? मीच भरत होती तिचे हात. लई थोराड हात, बाई. बांगडी चढता चढत नव्हती. अन् हसे कशी! एक फुटली का हसे, दुसरी फुटली का अजून हसे. म्या म्हनो, अवं नानी, माह्या नुकसानीवर हसून राह्यली काय?"

मला कसं वाटलं ते लिहिता येत नाही. इतके महिने घरात एक सावली होती, बिनतोंडाची. आज तिला हात आले. हसू आलं.

आणखी विचारलं. सात वर्षं नांदली. मूल नाही. दळताना गाणं म्हणायची ते कोपऱ्यावर ऐकू जायचं. कढी तिच्यासारखी कोणाची नाही.

"गेली तेव्हा तू आली होतीस?"

ताजबीनं मान हलवली. "कोठची! मले बाजारात समजलं. इथं तेरवी झालीच नाई. तिकडं माहेरी झाली म्हंते तुई सासू." मग बांगड्यांचं फडकं बांधता बांधता म्हणाली, "लई गरीब बाई होती. अल्ला तिले जन्नत देवो."

मोरीचं दार वाजलं. मी हातातल्या नव्या बांगड्या मोजू लागले.

मंगळवार, ता. ९

घट बसले. आज मी सरळच बोलले. म्हटलं, आत्याबाई, माझी मावशी दुसरेपणाची होती. पहिलीचा चांदीचा टाक करून गळ्यात घालायची, सणाला आधी तिला नैवेद्य, मग स्वतः जेवायची. मरेपर्यंत सुखानं नांदली. आपणही मोठीबाईचा टाक करू. देवघरात ठेवू.

"माह्या जित्या जिवात नाई होनार ते."

"काहून पण?"

"नाई म्हनलं ना!" हातातली फुलवात खाली पडली. उचललीसुद्धा नाही.

माणूस मेल्यावरही सुनेचा इतका राग? मूल झालं नाही म्हणून? ठीक आहे. देवघर त्यांचं. चांदी त्यांची. सोनार त्यांच्या ओळखीचा. पण नदीतले दगड कोणाच्या मालकीचे नाहीत! खंडोबा, मरीमाय, सटवाई — कोणता देव आधी दगड नव्हता?

मी ठरवलंय. माझं मी करणार.

गुरुवार, ता. ११

धुणं घेऊन नदीवर गेले तेव्हा दगड शोधला. आधी एक गुळगुळीत काळा उचलला, लहानसा, सुबक. मग ताजबीचं बोलणं आठवलं. थोराड हात! हा तिचा नाही. टाकून दिला. कमरेएवढ्या पाण्यात पुढे गेले तेव्हा एक सापडला. तांबूस, रुंद, खांदे असल्यासारखा. एका बाजूला पांढरी रेघ, हसल्यासारखी. (माझ्या मनाचं असेल. असू दे.) ओल्या लुगड्यांच्या पिळ्यात गुंडाळून घरी आणला. जड! वाट संपता संपेना. बायकांनी विचारलं, काय आणलं व? म्हटलं, वरवंटा.

कुठं बसवायची हेही ठरलं. मागच्या पडवीत जात्याच्या वर कोनाडा आहे. चिमणी ठेवायचा, आता रिकामाच. दळताना गायची ना? मग तिथंच.

रविवार, ता. १४

झालं! बसवली!

कोनाडा शेणानं सारवला, वर पांढऱ्या मातीचा हात. खाली मूठभर ज्वारी, त्यावर ती. शेंदूर तेलात कालवून मी माझ्या बोटांनी लावला. कोणाला विचारलं नाही, गुरवाला बोलावलं नाही. मंत्र मला येत नाहीत. मी आपलं बोलले. म्हटलं, नानीबाई, मी प्रयाग. तुझ्या जागी आले आहे, तुला हुसकून नाही. या घरात तुझी जागा राहील हे मी पाहीन. माझ्यावर राग धरू नको. कढी कशी करायची ते मात्र सुचव!

ताजबीनं मुद्दाम मोठ्या मापाची हिरवी बांगडी आणून दिली होती. "माह्याकडून," म्हणाली. ती दगडाला घातली. बरोबर बसली.

कढी-भाताचा नैवेद्य ठेवला, उदबत्ती लावली. तेवढ्यात सासूबाई पडवीत आल्या. काय किंचाळल्या! "काढ ते! काढ म्हंते! कोनाचा जीव घेशीन तू!"

मेलेल्या बाईचा जीव कोण घेणार? मी जात्यापुढे उभीच राहिले. म्हटलं, आत्याबाई, मी काही वाईट करत नाही. घरातल्याच माणसाला घरात बसवलं.

त्यांनी पदर तोंडात धरला. यांना हाका मारल्या. हे आले. कोनाड्याकडं पाहिलं, आणि चेहरा असा उतरला, की क्षणभर मलाच दया आली. मग हात पुढे केला दगड उचलायला.

"हात लावा," मी म्हटलं. "मी आजच्या आज बापाकडे अकोल्याला जाते. अन् काहून जाते ते वाटेत भेटेल त्याला सांगत जाते."

कुठून आलं हे माझ्या तोंडात? पण आलं. आणि यांनी हात मागं घेतला! म्हणाले, "राहू दे. माय, राहू दे." आणि न जेवता शेतावर निघून गेले.

मी मात्र पोटभर जेवले. कढी चांगली झाली होती.

गुरुवार, ता. १८

दसरा. आळीतल्या बायका सोनं द्यायला आल्या आणि कोनाडा पाहून पडवीतच बसल्या. मला वाटलं, नावं ठेवतील. उलटंच झालं! सुताराची सून म्हणाली, "नानी मले रोज ताक द्यायची. मी तिच्यासाठी एक दिवा लावू काय?" दुसरीनं फुलं वाहिली. तिसरी बाळंतपणात गेलेल्या आपल्या बहिणीसाठी रडली — कोनाडा नानीबाईचा, रडणं बहिणीचं, पण चाललं. मी म्हटलं, रड, इथं जागा आहे.

चार बायका एकदम तिच्याबद्दल बोलत होत्या. ती तेल कसं चोपडून लावायची, पोळ्याला बैलाच्या शिंगावर स्वतः रंग कसा चढवायची. आणि घरभर तिचं नाव. नानी, नानी! सासूबाई आतल्या खोलीत, दार लोटून.

कोणी काही म्हणो, मी बरोबर केलं.

शनिवार, ता. २७

सासूबाई आता पडवीतून जात नाहीत. परसात जायचं तर अंगणातून वळसा घालतात. घालू देत.

शुक्रवार, ता. २ नोव्हेंबर

रोज सकाळी दळायला बसले की तिच्याशी बोलते. काय बोलते? काहीही. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. हे रात्री कूस बदलत राहतात. मला अकोल्याच्या शाळेची आठवण येते, सातवीपर्यंत शिकून इथं कोणाशी काय बोलू? ती ऐकते. मला या घरात एकटं वाटत नाही आता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

बुधवार, ता. ७

दिवाळी. संध्याकाळी पणत्या लावत पडवीत गेले तर हे कोनाड्यापुढे उभे. हात जोडलेले नव्हते. नुसते उभे, आणि डोळ्यांतून पाणी. मला पाहून पुसलं.

"तिनं आपलं काय वाईट केलं होतं?" म्हणाले. मला नव्हे, दगडालाही नव्हे.

खरं लिहायचं तर — मला झोंबलं. माझ्यासाठी हे कधी रडतील का? पण पणती मी तिथंच लावली, सगळ्यांत मोठी. म्हटलं, "रडा की. माणूस गेलं तर रडायचं नाही का? तुमी एवढे दिवस रडलेच नाई, म्हणून घर असं झालं."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू काही सांगणार. तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली — "जगदेव!" — आणि हे गेले.

रविवार, ता. ११

आता खात्री झाली. मला दिवस गेले आहेत! आधी तिला सांगितलं, मग यांना. म्हटलं, मोठीबाई, लेकरू होईल ते तुला मोठी आई म्हणेल. मी शिकवीन. सणाला आधी तुझ्यापुढे वाकेल, मग देवघरात.

सासूबाईंना कळलं तेव्हा आनंद होईल वाटलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. "आता तरी काढ ते ठानं," म्हणाल्या, हात जोडून. माझ्यापुढे, सुनेपुढे! "पोरी, चांगलं नसते ते. लेकराले बाधेल."

"तिच्यामुळंच तर झालं," मी म्हटलं.

किती भितात एका मेलेल्या बाईला! मी भीत नाही. माझी आणि तिची ओळख आहे.

सोमवार, ता. १९

दुपारी एक बाई आली. कोणाला न विचारता अंगणातून थेट मागच्या पडवीत. उंच, उन्हानं रापलेली, पाय धुळीनं भरलेले. मला वाटलं वाटसरू असेल, पाणी मागेल. ती कोनाड्याकडं पाहत उभी राहिली.

"कोनाचं व हे ठानं?"

"माझ्या सवतीचं. नानीबाईचं."

ती खाली बसली. मग म्हणाली, "शिरपूरच्या बाजारात बायका बोलून राह्यल्या होत्या. मले खरं नाई वाटलं. म्हनून आली." आणि माझ्याकडं पाहिलं. "मले माहेरी पोचवून देलं. म्हने, दिवाळीले नेऊ. चार दिवाळ्या झाल्या, बाई. मी जितीच हाये."

मी तिला पाणी दिलं. हातपाय धुवायला दिलं. पाटावर बसवून ताट वाढलं. ती जेवते आहे.

सासूबाई महादेवाच्या देवळातून यायच्या आहेत. हे शेतावरून यायचे आहेत.

येऊ देत. आम्ही दोघी घरीच आहोत.